गप्प राहण्याच्या खुणा

त्यांना काहीही विचारलं तरी ते आधी चार मात्रा गप्प राहायचे. "चहा घेता का, मेजरभाऊ?" असं विचारून समोरचा कपात चहा ओतायला लागला तरी उत्तर नाही. उजव्या हाताची चार बोटं मांडीवर एकेक करून टेकायची आणि मग "हव" यायचं. नव्या माणसाला वाटायचं, यांना कमी ऐकू येतं. तो मोठ्यानं पुन्हा विचारायचा आणि मेजर पुन्हा पहिल्या बोटापासून सुरू करायचे. माजरीच्या आमच्या कोळसा खाणीच्या कॉलनीत त्यांच्यापायी कितीतरी चहा निवले.

मेजर ते कधीच नव्हते. पलटणीतून पेन्शनीत आलेल्या कुणालाही आमच्याकडे मेजर म्हणतात, मग तो तिकडे पोळ्या का लाटत असेना. हे बँडमध्ये होते. ड्रम बडवत रस्त्यानं चालणारा बँड नव्हे. साहेब लोक जेवत असताना खुर्च्यांवर बसून वाजवणारा, व्हायोलिनवाल्यांचा. त्यांचं गाव मार्कंड्याच्या बाजूचं, वैनगंगेच्या काठावर, घरी धानाची शेती. तिथून उठून हा माणूस व्हायोलिनपर्यंत कसा पोचला, हे मी पुष्कळदा विचारलं. "भरतीत साहेबानं बोटं पाह्यली," एवढंच ते सांगायचे. बोटांत काय पाहिलं ते साहेबालाच ठाऊक. निवृत्तीनंतर ते खाणीच्या बारूदघरावर पहारेकरी म्हणून लागले. सुरुंगाची दारू ठेवायची ती जागा, कॉलनीपासून लांब. तिथं कुणी फिरकायचं नाही, विडी ओढायची नाही, आणि काही घडू नये म्हणून दिवसभर बसून राहायचं. या कामासाठी इतका लायक माणूस खाणीला दुसरा मिळाला नसता.

मी त्यांच्याकडे शिकायला गेले तेव्हा चंद्रपूरला बी.एस्सी.च्या पहिल्याच वर्षाला आपटी खाऊन घरी बसले होते. ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. कॉलनीत एकच टीव्ही, तोही क्लबात. त्याच क्लबाच्या कपाटात एक व्हायोलिन पडून होतं. बदली झालेल्या कुण्या साहेबाची मुलगी ते मागे टाकून गेली होती. माझं फुगलेलं तोंड घरात जरा कमी दिसावं म्हणून असेल, बाबांनी क्लबाच्या सेक्रेटरीला विचारून ते आणलं. मला पेटीवर सारेगम वाजवता येत होतं. दोन-तीन महिन्यांत एखादं गाणं बसेल आणि बुद्धपौर्णिमेला विहारात वाजवता येईल, असा माझा साधा हिशेब होता.

पहिल्या दिवशी मेजरभाऊंनी मला व्हायोलिन खोक्यातून काढूच दिलं नाही. त्यांच्या क्वार्टरची मागची भिंत कोळशाच्या शेगडीच्या धुरानं काळी झाली होती. तिच्यावर त्यांनी चुन्यात बोट बुडवून पाच आडव्या रेघा ओढल्या. मग काही रेघांवर आणि काही दोन रेघांच्या मधल्या जागेत अंडी काढली, आणि अगदी डावीकडे एक मोठं वेटोळं. मी विचारलं, यातला सा कोणता. चार मात्रा गेल्या.

"इथी सा नाई."

"मग सुरुवात कुठून करायची?"

"गिनतीपासून."

त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते मी मान हलवत ऐकलं आणि त्यातलं काहीही मला कळलं नाही. वेटोळं म्हणजे म्हणे दारावरचा शिपाई. त्याचं पोट ज्या रेघेवर असेल त्या रेघेचं नाव पक्कं, बाकीच्यांची नावं तिच्यापासून वर-खाली मोजत जायची. पोकळ अंडं दिसलं की चार मात्रा थांबायचं. अंड्याला काठी लावली की दोनच. ते आतून काळं भरलं की एक, आणि काठीला शेपूट फुटलं की अर्धी. म्हणजे जितकं नटवाल तितकं आयुष्य कमी. मला हे उलटं वाटलं आणि मी तसं बोललेही. शेजारच्या क्वार्टरमधून वाकून बघणाऱ्याकडे पाहावं, तसं मेजरभाऊंनी माझ्याकडे पाहिलं.

गजाच्या खुणांनी तर मला रडकुंडीला आणलं. व्हायोलिनचा गज खाली ओढायचा की वर न्यायचा, हे सुराच्या डोक्यावर लिहिलेलं असतं. खाली टोक करून उभी असलेली एक खूण असते, बाणाच्या फाळासारखी. शाळेत शिकलेल्या कुठल्याही माणसाला ती खाली बोट दाखवताना दिसेल. ती गज वर न्यायची खूण निघाली. खाली ओढायची खूण वेगळीच, दाराच्या चौकटीसारखी. टोक खाली आणि गज वर, असं काऊन, हे मी तीन-चारदा विचारलं. "पलटणीत काऊन नाई विचारत," ते म्हणाले. त्यांनी स्वतः कधी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

आणि ठिपके. ठिपका सुराच्या शेजारी असला तर सूर लांबवायचा, सुराच्या डोक्यावर असला तर तोडायचा. हे एवढं पाठ झाल्यावर त्यांनी पत्र्याच्या पेटीतून मेणकापडात गुंडाळलेले कागद काढले आणि ते पितळी स्टँडवर लावले. आठवडाभर मी त्यातली एक ओळ वाजवत होते आणि दर वेळी वेगळं वाजत होतं. सकाळी एक सूर तुटायचा, संध्याकाळी दुसराच. शेवटी मेजरभाऊ जवळ आले, कागदाशी वाकले आणि फुंकर मारली. माझे निम्मे ठिपके उडून गेले. माजरीत अंगणात काहीही उघडं ठेवलं की त्यावर कोळशाची भुकटी बसते. भातावर बसते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, कागदावर का बसणार नाही? तेव्हापासून त्यांनी नियमात भर घातली. ठिपका शेजारी असला तर लांबव, डोक्यावर असला तर तोड, आणि आधी फुंक.

पण त्यांचा खरा जीव होता तो गप्प राहण्याच्या खुणांवर. सुरांच्या खुणा त्यांनी भराभरा उरकल्या. सूर कोणीही काढते, असं त्यांचं म्हणणं, गप्प राहणं शिकावं लागते. रेघेखाली लटकलेला ठोकळा म्हणजे चार मात्रा गप्प. तोच ठोकळा रेघेवर बसला की दोन मात्रा. हे दोन्ही मला सारखेच दिसायचे. लक्षात ठेवायला त्यांनी युक्ती सांगितली, की लटकलेला सुटू शकत नाई म्हणून जास्त वेळ राह्यते, बसलेला उठून चालला जाते. ती युक्तीच मला ठोकळ्यांपेक्षा अवघड वाटली. एका मात्रेची खूण तर कुणी घाईत पेन झटकलं असावं तशी वाकडीतिकडी. सगळ्यांत वरचढ म्हणजे एक जाड आडवी पट्टी, तिच्यावर आकडा. आठ असेल, सोळा असेल, तितकी घरं गप्प. एका घरात चार मात्रा. मी खांद्यावर व्हायोलिन आणि हातात उचललेला गज घेऊन उभी राहायचे, ते खाटेवर ताठ बसायचे, आणि आम्ही दोघंही मनात मोजत असायचो. त्यांची बायको मागे भांडी घासता घासता थांबून पाहायची. एकदा शेजारची बाई येऊन क्लास कधी सुरू होणार म्हणून विचारून गेली. तेव्हा क्लास सुरू होऊन अर्धा तास झाला होता.

घरी मी जे वाजवून दाखवायचे त्यावरून आईनं मेजरभाऊंबद्दलचं मत बनवलं. दोन सूर, मग लांबलचक शांतता, मग तेच दोन सूर. बाबा ड्युटीवरून येऊन जेवायला बसलेले असत. गाणं कधी सुरू होणार, असं ते भीत भीत विचारत. हेच गाणं आहे, असं मी सांगे. आईचं म्हणणं होतं की हा माणूस फसवून राह्यला, त्याला काही येत नाही. मलाही मधूनमधून तसं वाटे. पेटीतले सगळे कागद मी चाळून पाहिले होते. सगळीकडे हेच. जाड पट्ट्या, आकडे, आणि मध्येच कुठेतरी दोन सूर, फार तर तीन. ज्याला माणूस गाणं म्हणेल असं काहीही त्या कागदांत नव्हतं.

शेवटी एक दिवस मी व्हायोलिन खाली ठेवलं आणि सरळ विचारलं, चाल कुठे आहे. ते म्हणाले, पहिल्या रांगेकडे. ते स्वतः सगळ्यात मागच्या रांगेत बसायचे. प्रत्येक रांगेचे कागद वेगळे. चाल पुढचे वाजवायचे, मागचे मधेमधे आधार द्यायचे, आणि पेटीत होते ते फक्त त्यांच्या खुर्चीचे कागद. माझ्या डोक्यात उजेड पडला खरा, पण रागही आला. इतके महिने मी एका गाण्याची रिकामी जागा शिकत होते.

"मग ती चाल मला गुणगुणून तरी दाखवा."

या वेळी चार मात्रांहून जास्त वेळ गेला.

"मले नाई येत," ते म्हणाले. "म्या नाई ऐकली कधी."

मला वाटलं, मस्करी करताहेत. पण त्यांनी आयुष्यात मस्करी केली नव्हती. स्टँडवर होते ते कागद त्यांच्या बँडमास्तरांनी स्वतः बांधलेल्या एका रचनेचे होते. बँडमास्तर दक्षिणेकडचे, कडक माणूस. ही रचना त्यांची लाडकी, पलटणीत प्रत्येक मोठ्या प्रसंगी वाजायची. रेकॉर्ड निघाली नाही, रेडिओवर आली नाही. मेजरभाऊ नवीन असताना पहिल्यांदा ती वाजवायला बसले आणि पुढच्या रांगेकडून चाल सुरू झाली. ती सुरुवातच इतकी गोड होती, की यांचं मोजणं सुटलं आणि यांनी आपले दोन सूर भलत्याच जागी घातले. पुढे बसलेल्या सगळ्या साहेबांनी माना वळवल्या. बँडमास्तरांनी त्यांना दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर उभं करून नुसतं मोजायला लावलं. त्या दिवसापासून त्यांनी कान बंद केले. वाजवताना पुढं काय चाललंय तिकडं लक्षच द्यायचं नाही, फक्त गिनती. पुढं सगळी नोकरी तशीच गेली, आणि नंतर त्यांचं एकदाही चुकलं नाही. हे सांगताना त्यांचा चेहरा अभिमानाचा होता की कसला, ते मला ओळखता येईना. त्यांची बायको मागून म्हणाली, रेडिओवर गाणं लागलं तरी हे फक्त ढोलक ऐकतात.

एका माणसानं आयुष्यभर एक गाणं वाजवलं आणि ते त्याला माहीत नाही, हे मी घरी जाऊन आईला समजावू लागले तर ती म्हणाली, म्हणूनच मी सांगून राह्यली होती.

पुढच्या हिवाळ्यात बल्लारशाहून निरोप आला. त्यांचे बँडमास्तर म्हातारपणी तिथं रेल्वेतल्या मुलाकडे राहत होते. ते आता कायमचे दक्षिणेत मुलीकडे निघाले होते. त्यांना निरोप द्यायला जुने बँडवाले जमणार होते आणि तीच रचना एकदा शेवटची वाजवणार होते. मेजरभाऊंनी कधी नव्हे ते उलट निरोप पाठवला, की मी यावेळी वाजवत नाही, समोर बसून ऐकतो. तिकडून उत्तर आलं की खुशाल बसा, मागचे दोन सूर नसले तरी कुणाला कळणार नाही. त्या दिवशी ते जेवले नाहीत. संध्याकाळी पलटणीचा जुना कोट घालून आमच्या दारात येऊन उभे राहिले. बाबांनी आत या म्हटलं, तर तिथंच उभे.

"माह्या खुर्चीवर पोरीले बसू द्या," ते बाबांना म्हणाले. "खुर्ची रिकामी ठेवून ऐकलं तर ते गाणं पुरं नाई होत. मले एकदा पुरं ऐकाचं हाय. समोरून."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, माझं चुकलं तर. ते म्हणाले, "चुकली तर म्या काय ऐकन?" म्हणजे धीर दिला की धमकी, हे मी त्या रात्री अंथरुणात पडून ठरवत होते. पण एवढं कळलं की या माणसानं आजवर कुणाकडे काही मागितलं नसणार, आणि पुन्हा ही संधी येणार नाही.

त्यानंतर आम्ही फक्त मोजलं. ते चुन्यानं भिंतीवर पट्ट्या काढायचे, मी मोजायचे. मध्ये ते मुद्दाम बादली पाडायचे, बायकोशी बोलायचे, माझ्या कानाशी टाळी वाजवायचे. मी चुकले की पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवसांत मी तांदूळ निवडताना, पाणी भरताना मोजत असायचे. आईनं काही विचारलं की माझी बोटं मांडीवर हलायला लागायची, आणि आई कपाळाला हात लावायची.

बल्लारशाला आम्ही पॅसेंजरनं गेलो. कार्यक्रम दुपारी, स्टेशनाजवळच्या एका हॉलमध्ये. नागपूरकडची गाडी उशिरा आल्यानं तालीम झालीच नाही. आठ-दहा म्हातारे होते, कुणाचा हात कापत होता, कुणाला चष्म्याविना कागद दिसत नव्हता. बँडमास्तर आता वाळून काटकी झाले होते. त्यांनी मला जवळ बोलावून त्या लांब पट्टीवर बोट ठेवलं आणि मोडक्या हिंदीत विचारलं, हे किती. मी सांगितलं. त्यांनी मेजरभाऊंकडे पाहिलं आणि मान डोलावली. मी मागच्या रांगेत खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले. मेजरभाऊ समोर तिसऱ्या रांगेत, घरची माणसं आणि रेल्वेवाल्यांच्या बायका बसल्या होत्या त्यांच्यात, कोटाची सगळी बटणं लावून. ते मला सरळ दिसत होते. इतक्या समोरून मी त्यांना याआधी कधी पाहिलं नव्हतं.

वाजायला लागलं. माझ्यापुढे काहीतरी फार सुंदर चाललंय एवढं कळत होतं, पण मी तिकडे कान जाऊ दिला नाही. मोजत होते. पहिले दोन सूर बरोबर जागी पडले. दुसऱ्या वेळचेही. मग ती लांब पट्टी आली आणि मी गज खाली घेऊन मोजायला लागले. पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली असेल, तेव्हा खिडकीबाहेर इंजिनानं शिट्टी दिली. लांब, ओरडून, पुन्हा लांब. शिट्टी थांबली तेव्हा मी कुठल्या घरात होते ते मला माहीत नव्हतं.

कागदावर पाहून उपयोग नव्हता, कागदावर फक्त जाड पट्टी आणि आकडा. पुढे म्हाताऱ्यांच्या पाठी. अंदाजानं घातलं आणि चुकलं, तर त्या माणसाचं एकुलतं एक ऐकणं मी नासवणार. नाही घातलं, तर खुर्ची रिकामीच. मी मान वर केली.

मेजरभाऊ माझ्याकडेच बघत होते. त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि बोटं चालू होती, एकेक करून, अजिबात न चुकता. मी त्या बोटांवर नजर लावली. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, हनुवटी किंचित वर केली, आणि मी गज टेकवला. दोन्ही सूर नेमके तिथं पडले जिथं पडायला हवे होते. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं मागे न वळताच मान हलवली. तिथून शेवटपर्यंत मी कागदाकडे पाहिलं नाही. मी त्यांची बोटं वाजवली.

शेवटी सगळे उठून उभे राहिले. टाळ्या बराच वेळ चालल्या. बँडमास्तरांना दोघांनी धरून खुर्चीत बसवावं लागलं. मेजरभाऊ गर्दीतून माझ्यापर्यंत आले, व्हायोलिन माझ्या हातातून घेतलं, फडक्यानं पुसलं आणि खोक्यात ठेवलं.

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले होते. चंद्रपूर गेलं, भांदक आलं. माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती आणि ती मला धड मांडता येत नव्हती. मी हरवले हे पाहून त्यांनी मोजायला घेतलं, की ते पहिल्यापासूनच मोजत होते? पहिल्यापासून मोजत असतील तर दोष कुणाचाच नाही. आणि मी हरवले म्हणून मोजलं असेल तर मी त्यांचं गाणं त्यांच्याकडून काढून घेतलं. अखेर मी विचारून टाकलं.

ते म्हणाले, "बोटं ऐकत नाई माह्यं." हे उत्तर दोन्हीकडे लागू पडत होतं. यातलं खरं काय, ते मला आजही माहीत नाही. नंतर विचारायचा धीर झाला नाही.

मग मी भीत भीत म्हटलं, "गाणं कसं होतं, मेजरभाऊ?"

त्यांनी बाहेर पाहत चार मात्रा घेतल्या.

"चांगलंच असन," ते म्हणाले. "माह्या बाजूची बाई रडून राह्यली होती."